कुकाई : शाळा बंद पडली, वाट राहिली

जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी सर्वात लहान बेट म्हणजे शिकोकू. या बेटाला वळसा घालत सुमारे १२०० किलोमीटरची एक वाट जाते आणि त्या वाटेवर ८८ बौद्ध विहार आहेत. पायी निघाले तर साधारण चाळीस ते साठ दिवस लागतात. चालणारे यात्रेकरू अंगात पांढरा सदरा घालतात, डोक्यावर गवताची रुंद टोपी असते आणि हातात लाकडी काठी. टोपीवर नि सदऱ्यावर चार चिनी अक्षरे लिहिलेली असतात. त्यांचा अर्थ असा की आम्ही दोघे मिळून चाललो आहोत. माणूस एकटाच असला तरी हेच लिहिलेले असते. हा दुसरा सोबती म्हणजे इ.स. ८३५ मध्ये मरण पावलेला एक भिक्खू. त्यांचे नाव कुकाई.

आपल्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर या वाटेचे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात. देवदाराची उंच झाडे, धुके, घंटेचा आवाज, शांतपणे चालणारी पांढऱ्या कपड्यांतली माणसे. खाली कुणीतरी लिहिते की आयुष्यात एकदा जायचे आहे. जरूर जावे. पण ज्याच्या सोबतीने चालायचे तो माणूस कोण होता, त्याने काय केले आणि त्याच्या मागे लोकांनी त्याचे काय केले, हे त्या व्हिडिओत नसते. मला त्यात शेवटचा भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो.

कुकाई यांचा जन्म इ.स. ७७४ मध्ये शिकोकूवरच झाला, सानुकी प्रांतात. आज त्या भागाला कागावा म्हणतात. घराणे साएकी, म्हणजे प्रांतातले मानाचे घर. पण राजधानीतल्या बड्या सरदारांपुढे त्यांची काही गणती नव्हती. लहानपणीचे नाव माओ. मामा चिनी ग्रंथांचे मोठे विद्वान. त्यांनी भाच्याला हाताशी धरले, राजधानीत नेले आणि अठराव्या वर्षी माओ सरकारी विद्यापीठात दाखल झाला. हे विद्यापीठ मुख्यतः वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी होते. तिथे कन्फ्यूशियसचे ग्रंथ पाठ करायचे, परीक्षा द्यायची आणि दरबारात नोकरी मिळवायची, असा सरळ रस्ता होता. घरच्यांच्या सगळ्या आशा याच मुलावर होत्या.

त्याने विद्यापीठ सोडले. एका भिक्खूकडून त्याला ध्यानाचा एक विधी मिळाला होता, आकाशगर्भ बोधिसत्त्वाचा मंत्र दहा लाख वेळा म्हणण्याचा. त्यासाठी तो डोंगरात निघून गेला. शिकून साहेब होईल म्हणून शहरात पाठवलेला मुलगा चळवळीत पडला की घरी काय होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. साएकी घराण्यातही तेच झाले. नातेवाईक त्याला कर्तव्यशून्य म्हणू लागले, आईबापांचे ऋण विसरला म्हणू लागले.

या आरोपांना त्याने वयाच्या चोविसाव्या वर्षी, इ.स. ७९७ मध्ये, एक ग्रंथ लिहून उत्तर दिले. ग्रंथाची रचना नाटकासारखी आहे. एक कन्फ्यूशियसचा अनुयायी, एक ताओ मताचा आणि एक बौद्ध असे तिघे एका वाया गेलेल्या तरुणाला समजावायला येतात. पहिले दोघे नीटनेटके, प्रतिष्ठित. तिसरा, म्हणजे बौद्ध, फाटक्या कपड्यांतला, उपाशी, लोकांनी हेटाळलेला भिक्षेकरी आहे. शेवटी पटते ते त्याचेच. दरबारी नोकरी नाकारलेल्या मुलाने स्वतःचे चित्र असे काढले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याच ग्रंथात त्याने आपण कुठे साधना केली ते सांगितले आहे. आवा प्रांतातला ताइर्यू डोंगर आणि तोसा प्रांतातले मुरोतो टोक. मुरोतोला समुद्राच्या काठावर एक गुहा आहे. आत बसले की समोर फक्त आकाश आणि पाणी दिसते. तिथूनच कुकाई हे नाव आले, अशी परंपरा आहे. कु म्हणजे आकाश, काई म्हणजे समुद्र. आकाशासाठीचे हे चिनी अक्षर बौद्ध ग्रंथांत शून्यतेसाठीही वापरतात. आजच्या वाटेवर ताइर्यूचा विहार २१ वा आहे, मुरोतोचा २४ वा. ७५ वा त्यांच्या जन्मगावी आहे. या ठिकाणांशी त्यांचा संबंध पक्का आहे. पण ८८ च्या ८८ विहार त्यांनीच स्थापले आणि हा क्रम त्यांनीच आखला, ही समजूत मात्र बरीच नंतरची.

इ.स. ८०४ मध्ये ते चीनला निघाले. त्यांच्या हाती महावैरोचन सूत्र आले होते आणि ते उलगडून सांगणारा जपानमध्ये कुणी नव्हता. राजाच्या वकिलातीची चार जहाजे निघाली, त्यातली दोनच चीनला पोहोचली. कुकाई यांचे जहाज ३४ दिवस भरकटत दूर दक्षिणेला फूजियानच्या किनाऱ्याला लागले. तिथले अधिकारी त्यांना चाचे समजून उतरू देईनात. तेव्हा राजदूताच्या वतीने कुकाई यांनी चिनी भाषेत एक अर्ज लिहिला आणि तो वाचून अधिकाऱ्यांचा सूर बदलला. वर्ष संपता संपता ही मंडळी चांगआनला पोहोचली. आजचे शिआन ते हेच.

चांगआन तेव्हा जगातल्या सर्वात मोठ्या शहरांपैकी एक होते. तिथे कुकाई प्रज्ञ नावाच्या भिक्खूकडे संस्कृत शिकले. प्रज्ञ हे कपिशाचे, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातले, आणि नालंदेत शिकलेले. त्यानंतर ८०५ मध्ये कुकाई छिंगलोंग विहारात आचार्य हुईगुओ यांच्यापुढे गेले. हुईगुओ आजारी होते. शिष्य शेकड्यांनी होते, वर्षानुवर्षे सेवा केलेले. तरी त्यांनी या परदेशी, नव्याने आलेल्या तरुणाला तीन महिन्यांत आपली सारी विद्या आणि अभिषेक दिले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते गेले. गुरूच्या स्मारकशिलेवरचा लेख लिहिण्याचा मानही या परदेशी शिष्यालाच मिळाला. कुळ, देश, ज्येष्ठता यांपैकी काहीही न पाहता केलेली ही निवड होती. हुईगुओंचे गुरू अमोघवज्र, त्यांचे वज्रबोधी, आणि ते दक्षिण भारतातून गेलेले. परंपरा त्याही मागे नागार्जुनापर्यंत पोहोचते. नागपूरचे भदंत सुरई ससाई जपानमध्ये प्रथम ज्या शिंगोन परंपरेत भिक्खू झाले, ती हीच, कुकाई यांनी जपानमध्ये नेलेली.

राजाज्ञा वीस वर्षे शिकण्याची होती. कुकाई दोन वर्षांत परतले, दोनशेहून अधिक ग्रंथ, मंडलचित्रे आणि विधीची साधने घेऊन. आज्ञा मोडली म्हणून त्यांना क्युशू बेटावरच अडकवून ठेवले गेले. इ.स. ८०९ मध्ये नवा सम्राट सागा गादीवर आला, त्याला काव्याची आणि सुलेखनाची आवड होती, आणि मग दार उघडले. ८१६ मध्ये त्यांना कोया डोंगर मिळाला, ८२३ मध्ये क्योटोतला तो-जी विहार. दरबारासाठी त्यांनी राज्यरक्षणाचे विधी केले, पाऊस पडावा म्हणूनही केले. सत्तेच्या जवळ राहून त्यांनी काम केले, हे झाकण्यात अर्थ नाही.

इथे आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठी पडेल. मंत्र, मुद्रा, मंडल, गुप्त दीक्षा. यातले काहीच बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या धम्मात बसत नाही. माझीही अडचण तीच आहे. गुरूशिवाय उघडत नाही अशा ज्ञानाभोवती कुंपण पडायला वेळ लागत नाही. पण कुकाई यांच्या विचारातला एक मुद्दा मी बाजूला टाकू शकत नाही. त्यांच्या आधी बुद्धत्वासाठी असंख्य जन्म लागतात असे सर्रास मानले जाई. कुकाई यांनी मांडले की बुद्धत्व याच देहात, याच जन्मात शक्य आहे. जे काही मिळायचे ते पुढच्या जन्मी मिळेल, आज आपल्या जागी गप्प बस, हे वाक्य या देशात कुणाकुणाला ऐकवले गेले ते आपण जाणतो. त्या युक्तिवादाच्या मुळाशी हा विचार घाव घालतो. स्वतः कुकाई यांनी तो समाजरचनेपर्यंत नेला असे मात्र म्हणता येणार नाही. त्यांनी दरबाराची उतरंड मोडली नाही. पण दोन कामे अशी केली, की त्यांच्या मनात हा विचार नुसता ग्रंथापुरता नव्हता असे वाटते.

पहिले काम पाण्याचे. सानुकीत पाऊस कमी पडतो. शेती तळ्यांवर चालते. तिथल्या मान्नो नावाच्या मोठ्या तळ्याचा बांध ८१८ मध्ये फुटला. सरकारी अधिकाऱ्यांनी दुरुस्ती काढली, पण मजूर जमेनात आणि काम रखडले. शेवटी प्रांताच्या अधिकाऱ्याने राजधानीला कळवले की कुकाई यांना पाठवा, लोक त्यांना आईबापासारखे मानतात, ते आले तर माणसे आपोआप येतील. ८२१ मध्ये ते आले आणि साधारण तीन महिन्यांत काम उरकले. मान्नो तळे आजही आहे, जपानमधल्या सर्वात मोठ्या सिंचन तळ्यांत त्याची गणना होते, आणि त्याचे पाणी अजून शेतात जाते.

दुसरे काम शाळेचे, आणि माझ्या दृष्टीने ते त्यांच्या आयुष्यातले सर्वात मोठे. राजधानीत विद्यापीठ होते ते वरच्यांसाठी. प्रांतांत शाळा होत्या त्या स्थानिक अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी. गरिबाच्या मुलाने शिकायचे कुठे? चांगआनमध्ये वस्तीवस्तीत शाळा असतात हे त्यांनी ऐकले-पाहिले होते. इ.स. ८२८ मध्ये, तो-जीच्या जवळ, एका सरदाराने दिलेल्या वाड्यात त्यांनी शाळा उघडली. नाव शुगेइ शुची-इन. प्रवेश सर्वांना, घराणे न पाहता. बौद्ध विचार, कन्फ्यूशियस आणि ताओ असे तिन्ही शिकवायचे. शिक्षक भिक्खूही असतील आणि गृहस्थही. आणि शिक्षक-विद्यार्थी सगळ्यांच्या जेवणाची सोय संस्था करील.

हा जेवणाचा मुद्दा वाचताना मी थांबले होते. वसतिगृहांत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. मुलगी शिक्षण सोडते ती अभ्यास झेपत नाही म्हणून क्वचितच. शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, मेसचे पैसे थकतात, आठवडाभर वडापाववर निघतो आणि एक दिवस ती गावी निघून जाते. कागदावर तिचा प्रवेश शाबूत असतो. बाराशे वर्षांपूर्वी ज्या माणसाने प्रवेश आणि पोट या दोन गोष्टी एकाच कागदावर लिहिल्या, त्याला प्रश्न नीट कळला होता. स्वतः विद्यापीठ सोडून निघालेल्या माणसाने म्हातारपणी शाळा उघडावी, यातही काहीतरी आहे.

इ.स. ८३५ मध्ये, तिसऱ्या चांद्रमासाच्या २१ व्या दिवशी, कुकाई कोया डोंगरावर वारले. जपानी गणनेप्रमाणे वय ६२. त्यांच्यामागे दहा-बारा वर्षांच्या आतच शाळा बंद झाली आणि वाडा विकला गेला. आलेला पैसा तो-जीच्या भिक्खूंच्या शिक्षणाला आधार म्हणून जमीन घेण्यात गेला. शाळा विकणारे त्यांचे विरोधक नव्हते. त्यांचे शिष्यच होते. पैशाची चणचण खरी असेल, चालवणारी माणसे नसतील. तरीही निवड झाली ती अशी, की संघ राहिला आणि गरिबांची शाळा गेली.

मग वाढली ती भक्ती. इ.स. ९२१ मध्ये सम्राटाने त्यांना कोबो दाइशी ही पदवी दिली. दाइशी म्हणजे महान गुरू. ते मेलेच नाहीत, कोया डोंगरावर समाधीत बसले आहेत, अशी श्रद्धा रुजली. त्यांचे दहन झाले असावे असे काही अभ्यासक जुन्या नोंदींवरून मानतात, पण कोयावर आजही दिवसातून दोनदा त्यांच्यासाठी जेवण नेले जाते. विद्यार्थ्यांचे जेवण दहा-बारा वर्षांत बंद झाले, हे जेवण चालू आहे. जपानभर गावोगावी काठी आपटून त्यांनी झरे काढल्याच्या कथा आहेत. जपानी कानालिपी त्यांनीच केली असेही सांगतात. अभ्यासकांना ते मान्य नाही. त्यांनी सिद्धम लिपी आणि संस्कृतचा अभ्यास जपानमध्ये रुजवला, एवढे खरे. त्या अभ्यासाचा ठसा जपानी वर्णमालेच्या क्रमावर राहिला. जपानी मूल आजही आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना असे म्हणते. आपल्या बाराखडीचे हे दूरचे भावंड.

कोयाचे भिक्खू शिकोकूला जाऊन गुरूच्या साधनेच्या जागा पायी पाहू लागले. शतकांनी साध्या लोकांनी ही वाट आपली केली. १६८७ मध्ये शिन्नेन नावाच्या भ्रमंती करणाऱ्या साधूने तिची मार्गदर्शिका छापली, वाटेवर दिशा दाखवणारे दगड बसवले. एकोणिसाव्या शतकात जन्मलेले नाकात्सुकासा मोहेइ तर ही प्रदक्षिणा सुमारे २८० वेळा चालले आणि त्यांनीही शेकड्यांनी दगड उभे केले. पहिला विहार र्योझेन-जी. त्याचे नाव गृध्रकूटावरून आहे, राजगृहाच्या त्याच टेकडीवरून जिथे तथागतांनी उपदेश केला. चार प्रांतांना चार टप्प्यांची नावे दिली आहेत, बोधिचित्त जागण्यापासून निर्वाणापर्यंत.

आज व्हिडिओत दिसते तसे सगळे प्रसन्न नव्हते. पांढरा सदरा म्हणजे प्रेताचे वस्त्र. वाटेत मेलेल्याच्या थडग्यावर त्याचीच काठी रोवत. कुष्ठरोग झालेल्यांना घर सोडावे लागे. ते या वाटेवर येत आणि घरी परत जायचे नसल्यामुळे मरेपर्यंत फेऱ्या मारत. त्यात भिकारी होते, दुष्काळात गाव सुटलेले होते. तोसाच्या सरकारने यात्रेकरूंवर नाके बसवले, किती दिवसांत हद्दीबाहेर जायचे ते ठरवून दिले. रस्त्याच्या कडेला अनाम यात्रेकरूंची थडगी अजून दिसतात. या माणसांना जगवले ते ओसेत्ताईने. म्हणजे गावकऱ्यांनी यात्रेकरूला दिलेली भेट: भात, संत्री, चपला, रात्रीची जागा. ती नाकारायची नसते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे येणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातात पाण्याची बाटली आणि जेवणाचे पाकीट देणारे आपले तंबू आठवले की ओसेत्ताई समजावून सांगावी लागत नाही.

एमोन साबुरोची कथा याच वाटेवरची. श्रीमंत माणूस, दारी आलेल्या भिक्षेकऱ्याला हाकलतो, त्याचे भिक्षापात्र फोडतो, मग त्याची आठ मुले मरतात. भिक्षेकरी कुकाई होते हे कळल्यावर माफी मागायला तो वीस फेऱ्या चालतो, एकविसावी उलटी चालतो आणि मरताना भेट होते. मुलांना मारून बापाला धडा देणारी ही कथा बुद्धाच्या करुणेशी कशी जुळवायची, मला समजत नाही. पण ती कुणी सांगितली असेल ते समजते. दारोदार हाकलल्या गेलेल्या माणसांनी.

बायकांचेही असेच. कोया डोंगर स्त्रियांना बंद होता, १८७२ मध्ये सरकारने बंदी उठवेपर्यंत. कुकाई यांची स्वतःची आई भेटीला आली तेव्हा तिलाही पायथ्याशीच राहावे लागले, अशी परंपरा सांगते. शिकोकूच्या वाटेवर मात्र बायका चालत. १९१८ मध्ये ताकामुरे इत्सुए नावाची चोवीस वर्षांची तरुणी ही वाट पायी चालली आणि तिने वर्तमानपत्रात त्यावर लेखमाला लिहिली. पुढे तिने जपानी स्त्रियांच्या इतिहासलेखनाचा पाया घातला.

आणि विहारांच्या आतले एक वास्तव. जपानमध्ये मेल्यावर भिक्खू माणसाला धम्मनाम देतात. अस्पृश्य मानलेल्या बुराकू समाजाच्या मृतांना अनेक संप्रदायांच्या विहारांनी जनावर, हीन अशा अर्थाची अक्षरे घालून नावे दिली आणि ती दगडावर कोरली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बुराकू मुक्ती चळवळीने धारेवर धरल्यावर संप्रदायांनी शोध घेतला, चूक मान्य केली. जाऊन आलेल्या मंडळींनी विहारांचे फोटो दाखवताना हेही सांगायला हवे.

आता बहुतेक लोक बसने किंवा गाडीने फिरतात. प्रत्येक विहारात वहीवर लाल शिक्का उमटवून घेतात, त्यावर सिद्धम लिपीतले एक बीजाक्षर असते. ८८ व्या ओकुबो-जी विहारात अनेक जण काठी ठेवून देतात आणि मग कोयाला जाऊन कुकाई यांचे आभार मानतात. क्योटोत शुची-इन या जुन्या शाळेचे नाव घेतलेले एक छोटे बौद्ध विद्यापीठ आहे. तो-जीच्या आवारात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काही भिक्खूंनी पुन्हा वर्ग भरवले, त्यातून ते उभे राहिले. यात्रेकरूंच्या वहीत त्याच्यासाठी पान नसते, पण तो-जीपासून ते लांब नाही. कुणी गेलेच, तर तिथेही डोकावून यावे आणि मुलांच्या जेवणाची काय सोय आहे ते विचारावे.